घमेल्यात अडकलेली थापी

१. उभी थापी

प्रसेनजित मिस्त्रीची थापी घमेल्यात उभी होती आणि ती कोणालाच निघत नव्हती.

आधी त्यानं एका हातानं ओढली, मग दोन्ही हातांनी. शेवटी त्यानं सगळा जोर लावला, तर थापीसकट घमेलंच वर आलं. पाणी घालून त्यानं माल जेमतेम कालवला होता, तेवढ्यात त्याचा दगड झाला होता. आत काळपट सिमेंटचा दगड, त्यात उभी थापी, आणि थापी धरून उभा आमचा सहा फुटी प्रसेनजित.

"मोठ्या बाई," तो मला म्हणाला, "आजवर लय सिमेंट कालवलं. हे सिमेंट नाई, हे भूत हाये!"

एरवी मी पोट धरून हसले असते. पण घमेल्याच्या पलीकडे माझी भाची रत्नमाला उभी होती, आणि तिचा चेहरा बघून मी हसू आवरलं.

मी रुख्मिणी. शिरपूर जैनच्या शाळेची मुख्याध्यापिका होते, म्हणून सगळा गाव मला मोठ्या बाई म्हणतो. मूळची मी मेडशीची. रत्नमाला माझ्या बहिणीची मुलगी. सिमेंटच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत बरीच वर्षं काम करून ती परत आली ती एक वेड घेऊनच. गावात सिमेंटच्या जाळ्या, कुंड्या, बाकडी बनवायचा स्वतःचा कारखाना काढायचा, आणि दगडापासून सिमेंट कसं होतं ते शाळेच्या पोरांना तिथं दाखवायचं. जागा मिळाली होती कस्तुरचंद शेठजींच्या बंद पडलेल्या दालमिलची शेड. म्हणजे मिळाल्यासारखी झाली होती.

शेठजींचं किराणा दुकान आहे. माणूस सरळ आणि हाताचा सढळ. तोलून झाल्यावर वरून मूठभर टाकल्याशिवाय पुडा बांधायचा नाही, ही त्यांच्या वडिलांपासूनची रीत. पण शब्दाचेही तितकेच पक्के. ते रत्नाला म्हणाले होते, "आपल्याच मातीचं सिमेंट साऱ्या गावासमोर करून दाखव. त्याचा एक बाक ओत, एसटी स्टँडवर ठिवू. जमलं तं शेड तुही. नाई जमलं तं अर्पितले."

अर्पित म्हणजे शेठजींचा मुलगा. त्याला तिथं बॉक्स क्रिकेटचं मैदान करायचं होतं.

कार्यक्रम उद्या होता आणि ही आजची रंगीत तालीम होती. शेठजींनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि उभ्या थापीकडे पाहिलं.

"पोरी, आपल्या मातीतच दम नाई वाट्टे," ते हळूच म्हणाले. "उद्या सकाळी लोकं येतीन. तवाबी असंच झालं तं शेड अर्पितले देतो. बोललो ते बोललो."

ते गेले. रत्ना मटकन खाली बसली. तेव्हा पुढे झाली ती शेठजींची बायको, माझी मैत्रीण अंगुरीबाई. पदर खोचून तिनं घमेल्याला हात लावला आणि झटकन काढला.

"गरम हाये वं!" ती म्हणाली. "रुख्मिणी, मातीत काई खोट नाई. कोनं तरी काई तरी केलं."

२. दगडाचे लाडू

गावात कोणाची बकरी हरवली, कोणाच्या वाळवणातले पापड कमी झाले, तरी लोक आधी अंगुरीबाईकडे येतात, मग पोलिसांत जातात. बहुतेक वेळा पोलिसांपर्यंत जावं लागत नाही. तिची पद्धत एकच, माणसाला बोलतं ठेवायचं आणि आपण शेंगा सोलत बसायचं. आज शेंगा नव्हत्या.

"पहिल्यापासून सांग," ती रत्नाला म्हणाली. "पुरनपोळी सांगते तशी. काय घेतलं, काय केलं."

"मेडशीच्या नाल्यातली चुनखडी घेतली," रत्ना नाक पुसत म्हणाली. "ते पांढरे, वेडेवाकडे खडे. त्यांवर ॲसिडचा थेंब टाकला की फसफसते. फसफसलं म्हणजे चुन्याचा दगड. तुमी पाह्यलं ना, काकी?"

पाहिलं होतं म्हणजे काय! त्या दिवशी अंगुरीबाईनं अर्धी बाटली संपवली होती. शहाबादी फरशीचा तुकडासुद्धा फसफसतो हे कळल्यावर तर तिला थांबवताना नाकी नऊ आले होते.

"त्यात काळी माती मिसळली. बारीक दळून, पाणी शिंपडून, लाडू वळले."

लाडू आम्हीच वळले होते. भट्टी पेटवण्याआधी अंगुरीबाईनं ती मऊ कुंच्यानं स्वतः झाडून घेतली होती, एकही मुंगी आत राहता कामा नये म्हणून. मग दगडी कोळसा घातला आणि खालून पंख्याचा वारा दिला. आतला उजेड पिवळा जाऊन डोळे दिपवणारा पांढरा झाला. खड्यातली हवा निघून गेली, उरलेला चुना आणि माती एकजीव झाली, आणि थंड झाल्यावर हाती आले हिरवट काळे कडक गोळे, थेट करपलेल्या तिळाच्या लाडवासारखे.

"त्याले क्लिंकर म्हनतात," रत्ना म्हणाली. "पोलादी गोळ्यांच्या पिंपात फिरवून तो दळायचा. पण नुसता दळला तर फार उतावळा असतो, काकी. पाणी दिसलं की लगेच दगड. म्हणून दळताना त्यात थोडं जिप्सम घालायचं, मऊ पांढरा दगड असतो तो. त्याची पूड क्लिंकरला धीर धरायला लावते. मग मिस्त्रीला कालवायला, ओतायला, सारखं करायला वेळ मिळतो."

"आन् जिप्सम घातलंच नाई तं?"

रत्नानं घमेल्याकडे बोट केलं. "तर असं."

"मंग तू इसरली असशीन!" मी पटकन बोलून गेले. माझा स्वभावच तसा आहे, आधी तोंड उघडतं.

"मावशी, मी सोता घातलं. काल, तुझ्यासमोर. त्या डब्यातून."

ते खरं होतं. काल मी तिथंच बसले होते. डबा काठोकाठ भरलेला, झाकण नीट बसेना, तर तिनं दोनदा हात आपटून ते बसवलं होतं. डबा पितळी, झाकणावर मोर कोरलेला. अंगुरीबाईच्या माहेरचा. घरात नवा स्टीलचा आणला, तेव्हा तिनं तो रत्नाला दिला होता.

अंगुरीबाईनं डबा उघडला, चिमूटभर पूड तळहातावर घेतली, नाकाशी नेली, बोटांत चोळली. मग मला म्हणाली, "जाय, घरून लिंबू आन."

शेठजींचं घर शेडच्या मागच्याच गल्लीत. गावात साधुमहाराजांचा मुक्काम होता, ते रोज सकाळी त्याच गल्लीतून जात, त्यामुळे दारोदार रोज ताजी रांगोळी. शेठजींच्या दारात नवी सून चंदना पायरीजवळच्या रांगोळीकडे हिरमुसून बघत होती.

"सकाळी मम्मीजी म्हनल्या, कमळ हाये का पत्ताकोबी?" ती म्हणाली. "मी काय करू, मोठ्या बाई? ही रांगोळी चिमटीतून सुटूनच नाई राह्यली. गोळा होते. माहेरी माझी रेघ अशी सरळ यायची!"

"येईन, येईन," म्हणत मी लिंबू घेऊन पळाले. मला त्या वेळी कमळाचं काय पडलं होतं?

अंगुरीबाईनं डब्यातली चिमूट एका ताटलीत टाकली आणि वर लिंबू पिळलं.

पूड फसफसली.

रत्नमाला ताडकन उठली. "जिप्सम फसफसत नाई! काकी, हे जिप्समच नाई!"

३. अर्पितची पँट

"आता कोनाले काई सांगाचं नाई," अंगुरीबाईनं बजावलं. "डब्याचा डही नाई काढाचा. लोकाले वाटू दे माती वाईट हाये."

अडचण साधी नव्हती. अर्धा क्लिंकर अजून न दळलेला शिल्लक होता, पण जिप्सम उरलं नव्हतं. रत्नाच्या कारखान्यातल्या मैत्रिणीकडून मागवलं तरी उद्यापर्यंत येणं शक्य नव्हतं. मी मालेगावच्या कृषी केंद्राला फोन लावला, कारण शेतात घालायला जिप्सम विकतात. दुकानदार म्हणाला, हंगामात या. म्हणजे चोर सापडून भागणार नव्हतं, चोरीचा मालही सापडायला हवा होता.

शेडच्या चाव्या होत्या तीन. एक अर्पितकडे, एक प्रसेनजितकडे, तीच रत्नाही वापरायची, आणि एक शेठजींकडे. शेठजी रोज सकाळी शेडच्या अंगणात कबुतरांना ज्वारी टाकायला येतात.

"ह्यायचं सोड," अंगुरीबाई म्हणाली. "हे उंदराले बी अहो म्हनतात. अर्पितले पाहू."

अर्पित शेडच्या मागच्या बाजूला सापडला. त्याच्या निळ्या जीन्सवर गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पांढरी पूड होती. आम्हाला बघून तो ती झटकायला लागला. मी अंगुरीबाईला कोपर मारलं. तिनंही मला मारलं, जरा जोरातच.

"काय रे, पँट कायनं भरली?"

"काही नाही, मम्मी."

"काई नाई एवढं पांढरं नस्ते. मांग सरक."

तो सरकला. त्याच्या मागं जमिनीवर पांढऱ्या रेषा आखलेल्या होत्या, क्रिकेटच्या खेळपट्टीच्या. उद्याचा निकाल लागायच्या आधीच साहेबांनी मैदान मोजून घेतलं होतं.

"लाज नाई वाटत?" मी शाळेतल्या आवाजात म्हटलं. "ती पोरगी तिकडं रडून राह्यली!"

"मोठ्या बाई, शपथ, मी तिच्या सामानाला हात नाही लावला," तो काकुळतीला येऊन म्हणाला. "मी हरलो तर हरलो. पण ताईचं बिघडवून जिंकाचं असतं, तर तिच्या भट्टीसाठी वाशीमवरून पंखा कशाला आणून दिला असता?"

हे खरं होतं. पंखा त्यानंच मोटरसायकलवर बांधून आणला होता. अंगुरीबाईनं तरी ताटली काढली, रेषेतली चिमूट घेतली, लिंबू पिळलं. फसफस झाली.

"फक्की हाये. चुन्याच्या दगडाची," ती म्हणाली. "जिप्सम असतं तं चूप बसलं असतं." मग मुलाच्या डोक्यावर टपली मारून म्हणाली, "रेघा पुसून टाक. दिसतात बरं, पन पुस."

४. मिशीतली पूड

प्रसेनजित मेडशीला एका घराच्या छताचं काम करत होता. आम्ही शेठजींच्या दुकानाच्या गाडीनं गेलो, चालवायला अर्पितच होता. शिडीवरून उतरून तो आमच्या समोर आला, तेव्हा त्याच्या मिशा, भुवया आणि कान पांढरे झाले होते.

"जय भीम, मोठ्या बाई! थापी निंघाली का?"

"नाई निंघाली," अंगुरीबाई म्हणाली. "प्रसेनजित, तू म्हनत होता ना, गावठी सिमेंट टिकनार नाई म्हनून?"

"म्हनलं होतं. चार लोकात म्हनलं होतं." त्यानं छाती पुढे काढली. "आमाले घरघर चालणाऱ्या मशीनचं सिमेंट पाह्यजे. लाडवाचं कायले?"

"वाक."

तो बिचारा वाकला. अंगुरीबाईनं त्याच्या मिशीखाली ताटली धरली आणि बोटानं मिशी झटकली. पूड ताटलीत पडली. तिनं लिंबू पिळलं आणि आम्ही दोघी टक लावून बघत राहिलो.

पूड गप्प बसली. एक बुडबुडा नाही!

"सापडला!" मी ओरडले. प्रसेनजित घाबरून दोन पावलं मागे गेला आणि शिडीवर आपटला.

"थांब वं," अंगुरीबाई म्हणाली. तिनं रत्नाला फोन लावला. "रत्ना, जिप्सम पान्यात कालवलं तं दगड होते का?"

"नाई, काकी. नुसता चिखल राह्यते. ते भाजून घेतलं तर पीओपी होतं, मग मात्र घट्ट बसतं. पीओपी आपल्याले चालणार नाई, त्याची घाई वेगळीच."

प्रसेनजितच्या घमेल्यातली तीच पांढरी पूड अंगुरीबाईनं पाण्यात कालवली. आम्ही समोरच्या घरचा चहा पिऊन येईपर्यंत ताटलीत खणखणीत वडी तयार.

"छताचं पीओपी हाये ना हे, बाप्पा!" प्रसेनजित कळवळून म्हणाला. "झालं काय? मी काय केलं?"

"काई नाई केलं तू. मिशी मात्र कमी कर." अंगुरीबाई निघाली, मग थबकली. "उद्या येशीन ना?"

"येईन नाई तं! माही थापी हाये तिथं," तो म्हणाला. आणि जरा वेळानं, खाली बघत, "आन् रत्नाताईचा बाक मीच ओतनार. हसलो म्हनून काय झालं? आतून तिचं पुरं व्हावं असंच वाट्टे मले."

गाडीत बसल्यावर मला हुंदका आला. दोन माणसं, दोन्ही चांगली. मग वाईट कोण होतं? उद्या सकाळी माझ्या पोरीच्या हातून ती शेड जाणार होती, आणि आमच्या हाती होतं एक पिळलेलं लिंबू.

५. गल्लीभर लिंबू

शेडमध्ये परतल्यावर अंगुरीबाई मोराचा डबा मांडीवर घेऊन झाकणावरच्या मोरावर बोट फिरवत बसली. ती अशी बसली की मला धास्ती वाटते.

"रुख्मिणी, चोर काय करते?"

"चोरते."

"आन् दुश्मन?"

"बिघडवते. फेकून देते."

"मंग डबा भरून कोन ठेवते?" ती म्हणाली. "रत्ना, तू आंदी यातलं जिप्सम काढलं होतं ना, नमुन्याले?"

"हो, बरंच काढलं होतं. डबा गळ्याच्या खाली आला होता."

"आन् काल झाकन बसत नव्हतं!"

हे मला सुचायला हवं होतं. आयुष्यभर मी पोरांना सांगत आले की डोळे उघडे ठेवा.

अंगुरीबाईनं डब्यातली पूड चिमटीत घेतली, जमिनीवर वाकली आणि हात नुसता सरकवला. पांढरी, बारीक, सरळ रेघ पडली. मग बोटं फिरली आणि एक पाकळी उमटली.

"ही रांगोळी हाये," ती म्हणाली. "चुन्याच्या दगडाची पूड, म्हनून फसफसली. डब्यात जिप्समच्या जागी रांगोळी आली, मंग जिप्सम गेलं कुठी? रांगोळीच्या जागी! गावात कोन्या तरी दारात ते पडलेलं हाये. चाल, लिंबं घे."

पहिल्याच दारात मी रांगोळीवर लिंबू पिळलं. फसफस. दुसऱ्या दारात तशीच. तिसऱ्या दारात रांगोळी नव्हतीच, नुसत्या पायरीवर थेंब पडला तरी फसफस.

"अवं, शहाबादी फरशी हाये ती!" अंगुरीबाईनं कपाळावर हात मारला. "तेच चुन्याचं गोटं. चिमूट उचलून ताटलीत घे!"

दोन म्हाताऱ्या हातात लिंबू घेऊन दारोदार हिंडायला लागल्या की गाव काय समजेल ते आम्ही ध्यानात घेतलं नव्हतं. गल्लीच्या निम्म्यात येईपर्यंत बातमी पसरली की मोठ्या बाई आणि शेठानीबाई गावाची दृष्ट काढताहेत. एकीनं तान्हं बाळ आणून पुढं धरलं. एकीनं नवी स्कूटी उभी केली. एक आजोबा गुडघा घेऊन आले. अंगुरीबाईनं बाळाच्या गालाचा मुका घेतला, स्कूटीवरून लिंबू फिरवलं आणि आजोबांना सांगितलं, "दवाखान्यात जा, बुवा." मी तोवर रांगोळ्या तपासत होते. फसफस, फसफस, फसफस. सगळा गाव निर्दोष.

गल्ली संपली. राहिलं एकच दार.

"आपलं सोड," मी म्हटलं.

"काहून सोडाचं? सगळ्याइले एक न्याय."

शेठजींच्या पायरीजवळच्या त्या पत्ताकोबीतून तिनं चिमूट उचलली. बोटांना चिकटली ती. ताटलीत टाकली, शेवटचं लिंबू पिळलं.

काही झालं नाही. आणखी पिळलं. तरी नाही. मग अंगुरीबाई पायरीवर बसली आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "माय वं. चोर माह्याच घरचा निंघाला."

६. वरची मूठ

सूर्य मावळायच्या आत शेठजींचं जेवण होतं. आम्ही आत गेलो तेव्हा ते पाटावर बसले होते, चंदना फुलके वाढत होती. अर्पित आणि रत्नमालाला अंगुरीबाईनं बोलावून घेतलं होतं.

"आज तपास कुठपर्यंत आला?" शेठजींनी हसत विचारलं.

"ताटापर्यंत," अंगुरीबाई म्हणाली. "खावा तुमी. मी सांगतो. एक मानूस शेडमंधी गेला. त्याच्यापाशी चावी होती. त्यानं मोराचा डबा पाह्यला आन् त्यातलं पांढरं नेलं. का? कारन बारा वरसं या घरात त्या डब्यात रांगोळीच होती. मी तो रत्नाले देल्ला, पन घरातल्या मानसाले सांगाचं राह्यलं. त्याच्या डोळ्याले मोर दिसला, म्हंजे रांगोळी. बरोबर?"

शेठजींचा हात घासासकट ताटावर थांबला होता. चंदनाच्या हातातला फुलका खाली पडला.

"चोर असता तं नेऊन गप बसला असता. पन ह्या मानसाले उसनं ठेवलं तं झोप नाई येत. दुसऱ्या दिवशी त्यानं बजारातून रांगोळी आनली आन् डबा भरला. नेलं होतं तेवढंच नाई भरलं. वरून मूठभर टाकली, इतकी का झाकन बसेना!" तिनं तोंड नवऱ्याकडे वळवलं. "शिरपुरात तोलून झाल्यावर वरून मूठभर कोन टाकते हो?"

शेठजींनी घास ताटात ठेवला. त्यांचे कान लाल झाले.

"रांगोळी नव्हती का ते?" ते म्हणाले.

"जिप्सम होतं ते, शेठजी!" रत्नाच्या तोंडून निघालं. ती रडतेय की हसतेय ते मला कळेना. "क्लिंकरले धीर धरायले लावणारं."

"पापाजींची चूक नाही!" चंदना पुढे आली. "महाराज यायच्या दिवशी पहाटे पाह्यलं तं डब्यात रांगोळी नाही. मी रडायला लागले. पहिलीच वेळ, मम्मीजी काय म्हणतील! पापाजी कबुतरांना ज्वारी टाकायला निघाले होते. म्हणाले, बेटा, चूप बस, मी आणतो, मम्मीले नको सांगू."

"मंग मले काय ठाऊक," शेठजी पुटपुटले. "मले वाटलं रांगोळीच हाये. घेतली, परत केली. हिसाब साफ. कोनी डब्याचं काई बोललंच नाई."

अंगुरीबाईला हसू फुटलं. आधी तिनं पदर तोंडावर धरला, मग तो सुटला, आणि ती भिंतीला टेकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. सगळं घर हसायला लागलं. मी तर एवढी हसले की मला पाणी द्यावं लागलं.

"आन् मी तुले कोबी म्हनलं!" अंगुरीबाईनं चंदनाला जवळ ओढलं. "माह्या पोरीच्या हातात सिमेंटचं सामान होतं वं! तरीबी त्याच्यानं कमळ काढलं हिनं."

"पण उरलंय का काही?" रत्नानं घाईघाईनं विचारलं.

चंदना आत पळाली आणि स्टीलचा नवा डबा घेऊन आली. अर्ध्याहून जास्त भरलेला. महाराज किती दिवस राहतील कोणास ठाऊक, म्हणून शेठजींनी भरपूर आणून ठेवलं होतं. रत्नानं चिमूट घेऊन लिंबाच्या थेंबात टाकली. ती शांत राहिली. रत्नानं डोळे मिटले आणि डबा छातीशी धरला.

७. बाक

सकाळी शेडच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. शाळेची पोरं पुढे, बाया एका बाजूला, कबुतरं पत्र्यावर. पिंप घरघरत होतं. पोलादी गोळ्यांचा गडगडाट थांबला आणि रत्नानं झाकण काढलं. आत मऊ, राखाडी, हातातून निसटणारी पूड होती. मेडशीच्या नाल्यातले खडे आणि आमच्या पायाखालची काळी माती. ती हातात घेताना मला भरून आलं, खोटं कशाला बोलू?

प्रसेनजित नवी थापी घेऊन आला होता, जुनी अजून अडकलेलीच होती. त्यानं रेती, गिट्टी आणि सिमेंट मिसळलं, पाणी ओतलं आणि दचकत दचकत थापी आत घातली. सगळं अंगण माना उंचावून बघत होतं. थापी फिरली, वळली, बाहेर आली. पुन्हा आत गेली, पुन्हा आली.

"लोन्यासारखं!" तो ओरडला. "मोठ्या बाई, लोन्यासारखं चालून राह्यलं!"

टाळ्या वाजल्या. अर्पितनं साचा धरला, प्रसेनजितनं माल ओतला, रत्नानं पाठ सारखी केली. आणि सिमेंट वाट बघत राहिलं, अगदी शहाण्या पोरासारखं. लोकांनी चहा घेतला, पेढे खाल्ले, कोणी घरी जाऊन जेवूनसुद्धा आलं. दुपारी प्रसेनजितनं बाकावर अंगठा जोरात दाबून पाहिला. ठसा उठला नाही. माल आपल्या वेळेला, आपल्या मर्जीनं घट्ट झाला होता.

शेठजी उठले. त्यांच्या हातात मोराचा डबा होता. त्यांनी तो रत्नासमोर धरला.

"हे तुहं उसनं," ते म्हणाले. "रात्री चंदनाच्या डब्यातलं सारं चाळून भरलं. तुले सकाळी लागलं तेवढं तू घेतलं, बाकीचं हे."

रत्नानं डबा घेतला. झाकण नीट बसलेलं नव्हतं, तिरपं झालं होतं. तिनं ते काढलं. पांढऱ्या पुडीवर शेडची चावी ठेवलेली होती.

"आन् ही वरची मूठ," शेठजी म्हणाले.

रत्नानं वाकून त्यांच्या पायांना हात लावला, आणि शेठजींनी तिला उठवता उठवता चष्मा काढून पुसायला घेतला. माझ्याही डोळ्यांचं काही खरं नव्हतं. अंगुरीबाईनं मला कोपर मारलं आणि पदराचं टोक पुढे केलं.

तो बाक आता शिरपूरच्या एसटी स्टँडवर आहे, यात्रेकरू त्यावर पिशव्या ठेवून मेडशीची गाडी बघत बसतात. थापी अडकलेलं घमेलं रत्नानं कारखान्याच्या दारात चौथऱ्यावर बसवलंय, पाटीऐवजी. शेठजी रोज सकाळी त्यावर ज्वारी टाकतात आणि कबुतरं थापीच्या मुठीवर बसून आपली पाळी येण्याची वाट बघतात.